यंत्र शिकते ते नोंदींवर: स्वयंचलित ट्रेडिंगमधील प्रशिक्षण-डेटाचा आढावा

शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम लिहिणे आता एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही सुटीत जमते. ब्रोकर एपीआय (प्रोग्रामने ऑर्डर टाकण्याची सोय) देतात, पायथनच्या लायब्ररी फुकट मिळतात, मॉडेल शिकवायला संगणकही तासावर भाड्याने मिळतो. सहज मिळत नाही तो भरवशाचा डेटा. भावांच्या फाइली विकत मिळतात, उतरवूनही घेता येतात. पण सौदा करायच्या क्षणी प्रोग्रामला काय दिसत होते, त्याने काय ठरवले आणि पुढे काय घडले, हे त्या फाइलींत नसते. ती नोंद प्रोग्रामनेच काम करता करता तयार करावी लागते.

या कामाचा सगळा पैस या लेखात पाहायचा आहे. मोठा बाजार मुंबईत असल्यामुळे बरीच उदाहरणे तिथली आहेत. पण प्रश्न मेहकरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचतो, कारण इथल्या सोयाबीनच्या भावाची नोंद पाहिली की डेटा कुठे कुठे कच्चा राहतो ते उघड दिसते. लेखाचे म्हणणे असे: कोणते मॉडेल वापरायचे हा नंतरचा प्रश्न, ते ज्या नोंदींवर शिकते त्या खऱ्या आहेत का हा पहिला.

पडद्यावर आलेला बाजार

मुंबई शेअर बाजाराची स्थापना १८७५ ची. जवळपास १२० वर्षे तिथले सौदे माणसांच्या आवाजावर आणि हातवाऱ्यांवर चालले. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, शेअरचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली आली. तेव्हापासून प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि संख्या संगणकात उमटू लागली, आणि यंत्राला शिकता येईल असा डेटा भारतात साठू लागला.

२००८ मध्ये बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने संस्थात्मक गुंतवणूकदारांना ब्रोकरच्या यंत्रणेतून थेट ऑर्डर टाकण्याची मुभा दिली. पुढे ब्रोकरांचे संगणक बाजाराच्याच आवारात ठेवण्याची सोय, को-लोकेशन, सुरू झाली. ३० मार्च २०१२ रोजी सेबीने अल्गो ट्रेडिंगसाठी, म्हणजे प्रोग्रामने आपोआप होणाऱ्या सौद्यांसाठी, व्यापक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. को-लोकेशनच्या सुरुवातीच्या काळात एनएसईचा टिकनिहाय (प्रत्येक हालचालीचा) भावप्रवाह जोडलेल्या संगणकांना एकापाठोपाठ एक पाठवला जाई. जो आधी जोडला गेला त्याला भाव आधी कळे. त्यावरून उठलेला वाद सेबी आणि रोखे अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला. आपल्या विषयासाठी त्यातला मुद्दा एवढाच की, एकच भाव दोन संगणकांना वेगवेगळ्या वेळी मिळू शकतो. म्हणून नोंदीत भाव ठरल्याची वेळ आणि तो आपल्यापर्यंत पोचल्याची वेळ, असे दोन रकाने हवेत.

या बाजारात कोण कमावतो, हे सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या) ट्रेडर्सच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोमधून आला. हे आकडे वाचून तरुण अल्गोकडे वळतात. पण त्या संस्थांच्या मागे वर्षानुवर्षे जपलेल्या स्वतःच्या सौद्यांच्या नोंदी आहेत, आणि सॉफ्टवेअर विकत घेऊन त्या मिळत नाहीत.

नोंद प्रोग्रामच्या आतच का

प्रशिक्षण-डेटा दोन तऱ्हेने तयार होतो. पहिल्या तऱ्हेत जुन्या भावांची फाइल उतरवून घेतात, पायथनमध्ये निर्देशक (भावांवरून काढलेले सरासरीसारखे आकडे) काढतात, मॉडेल शिकवतात आणि मग सौदे करणाऱ्या प्रोग्राममध्ये तेच गणित पुन्हा लिहितात. दुसऱ्या तऱ्हेत सौदे करणारा प्रोग्रामच टेस्टर नावाच्या चाचणी-साधनात जुन्या भावांवर चालवतात आणि त्याने काढलेले आकडे त्याच्याकडूनच फाइलमध्ये लिहून घेतात. मॉडेल त्या फाइलवर शिकते. शिकलेले मॉडेल ओएनएनएक्ससारख्या साच्यात त्याच प्रोग्राममध्ये परत बसवता येते.

पहिल्या तऱ्हेत चूक शिरते ती दोनदा लिहिलेल्या गणितातून. एकाच नावाचा निर्देशक दोन ठिकाणी वेगळ्या रीतीने काढला जातो. सरासरी कुठून सुरू करायची, गुळगुळीत कशी करायची, याचे नियम वेगळे असतात. मेटाट्रेडर या सौद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कँडलवर, म्हणजे ठरावीक वेळेच्या भावपट्टीवर, ती उघडल्याची वेळ असते, काही डेटा विक्रेते ती बंद झाल्याची वेळ देतात. हा फरक लक्षात आला नाही तर सगळा डेटा एका कँडलने सरकतो आणि मॉडेल अजून न घडलेल्या भावावर शिकते. टेस्टमध्ये नफा दिसतो, प्रत्यक्षात पैसा जातो. यावर उपाय एकच: निर्देशक काढणारे फंक्शन एकच ठेवायचे, आणि टेस्ट, नोंद व प्रत्यक्ष सौदा या तिन्हींनी तेच वापरायचे.

दुसरे कारण ऑर्डरशी जोडलेले आहे. भावांच्या फाइलीला आपली ऑर्डर माहीत नसते. ऑर्डर नाकारली गेली, अर्धीच भरली, मागितलेल्या भावापेक्षा वर भरली, ब्रोकरकडून उत्तर यायला उशीर झाला, हे सगळे प्रोग्रामलाच ठाऊक असते. बाजार जोरात हलतो तेव्हाच या गोष्टी जास्त घडतात. त्या नोंदीत नसतील तर मॉडेलची समजूत होते की हवा तो भाव नेहमीच मिळतो.

तिसरे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. न केलेल्या सौद्यांचीही ओळ लिहावी लागते. प्रोग्रामने ज्या क्षणी काहीच केले नाही त्या क्षणाच्या ओळी नसतील, तर मॉडेलला फक्त आपल्या जुन्या नियमाने निवडलेले प्रसंग दिसतात. नियमाने कुठे संधी सोडली, हे त्याला कधीच कळत नाही.

एक ओळ कशी तयार होते

समजा प्रोग्राम एका शेअरच्या पंधरा मिनिटांच्या कँडलवर चालतो. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, म्हणजे ३७५ मिनिटे आणि २५ कँडल. साडेदहाला पाचवी कँडल बंद झाली की प्रोग्राम एक ओळ उघडतो. त्यात शेअरचे नाव, कँडल बंद झाल्याची वेळ, भाव पोचल्याची वेळ आणि बंद भाव, समजा १,००० रुपये, हे येते. मागच्या पाच कँडलमध्ये भाव किती टक्के हलला, सरासरी चढउतार किती, या वेळी नेहमी होणाऱ्या उलाढालीच्या मानाने आजची उलाढाल किती, खरेदी आणि विक्रीच्या सर्वोत्तम भावांत फरक किती, निफ्टी निर्देशांक तेवढ्या वेळात किती हलला, एक्स्पायरीला (वायद्याची मुदत संपायला) किती दिवस उरले, हेही त्यात येते. प्रोग्रामची आवृत्ती आणि त्या वेळच्या सेटिंगही त्याच ओळीत लिहायच्या. ही झाली फीचर. शेवटचा रकाना, म्हणजे लेबल, रिकामाच राहतो, कारण उत्तर अजून घडलेले नाही.

ही अर्धी ओळ प्रोग्राम ‘प्रलंबित’ यादीत ठेवतो. लेबल ठरवायची सोपी रीत म्हणजे पुढची कँडल वर गेली की खाली, एवढेच पाहणे. पण कोणी सौदा तसा करत नाही. सौद्याला टार्गेट असते, स्टॉपलॉस असतो आणि थांबायची मुदत असते. मार्कोस लोपेझ द प्राडो यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात मांडलेली तीन मर्यादांची पद्धत यासाठी आता सर्रास वापरली जाते. आपल्या उदाहरणात वरची मर्यादा १,०१० रुपये, खालची ९९५ रुपये आणि मुदत दहा कँडल, म्हणजे दुपारी एक वाजेपर्यंत. आधी १,०१० लागला तर लेबल अधिक एक, आधी ९९५ लागला तर उणे एक, दोन्ही लागले नाहीत तर शून्य. भाव मर्यादेला लागला किंवा मुदत संपली की प्रोग्राम प्रलंबित ओळ पूर्ण करून फाइलमध्ये टाकतो.

एवढ्या साध्या दिसणाऱ्या कामातही तीन अडचणी येतात. एकाच कँडलमध्ये १,०१० आणि ९९५ दोन्ही लागले तर आधी कोणता लागला? पंधरा मिनिटांच्या कँडलवरून ते कळत नाही. मिनिटाचा किंवा टिकचा डेटा पाहावा लागतो, आणि तो नसेल तर तोटा धरणे हाच प्रामाणिक मार्ग. दुसरी अडचण दुपारी एकनंतरच्या ओळींची. त्यांना त्या दिवशी दहा कँडल मिळतच नाहीत. त्या रात्रीपलीकडे न्यायच्या की साडेतीनला बंद करायच्या, हे आधी ठरवून त्यांच्यावर वेगळी खूण करावी लागते. तिसरी अडचण विजेची आणि इंटरनेटची. प्रलंबित यादी नुसती मेमरीत ठेवली आणि मध्येच संगणक बंद पडला तर त्या ओळी जातात. म्हणून ती यादी प्रत्येक कँडलला डिस्कवर उतरवायची, आणि खंड पडला तर खंडाचीही नोंद करायची.

लेबलमधून खर्च वजा केला नाही तर सगळे काम वाया जाते. ब्रोकरेज, मुद्रांक शुल्क, भावांतला फरक आणि रोखे व्यवहार कर धरूनच नफा-तोटा ठरवायचा. फ्युचर्सच्या विक्रीवरचा हा कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०१२५ वरून ०.०२ टक्के झाला. त्यामुळे आदल्या वर्षी ‘नफा’ म्हणून लिहिलेल्या बारीक नफ्याच्या ओळी नव्या दराने तोट्याच्या ठरू शकतात. म्हणून कच्चा भाव आणि खर्च वेगळ्या रकान्यांत ठेवावेत, म्हणजे दर बदलला तरी लेबल पुन्हा काढता येते.

फुटलेला पेपर

पेपर फुटलेल्या परीक्षेत मिळालेल्या गुणांवर कोणी विश्वास ठेवत नाही. या क्षेत्रातली बरीच अपयशे तशीच असतात. मॉडेलला शिकताना भविष्यातली माहिती कुठून तरी कळलेली असते.

ती कळायच्या वाटा ओळखीच्या आहेत. अजून बंद न झालेल्या कँडलचा उच्चांक फीचरमध्ये घेणे ही पहिली. दुसरी वाट आकडे एका मापात आणताना तयार होते: पूर्ण पाच वर्षांच्या फाइलची सरासरी काढून ती पहिल्या वर्षाच्या ओळींना लावली की पहिल्या वर्षाला पाचव्या वर्षाचा सुगावा लागतो. प्रोग्राम काम करता करता नोंद लिहीत असेल तर ही चूक आपोआप टळते, कारण पुढची सरासरी त्याच्याकडे नसतेच.

बोनस आणि स्प्लिट ही तिसरी वाट. एकास एक बोनस झाला की आज उतरवलेल्या फाइलमध्ये जुने सगळे भाव निम्मे दिसतात. जो भाव त्या काळी कोणी पाहिलाच नव्हता तो इतिहास म्हणून समोर येतो. भाव तसेच ठेवले तर एका दिवसात शेअर निम्म्यावर कोसळल्याचा भास होतो. दोन्ही टाळायचे तर मूळ भाव आणि समायोजनाचा गुणक वेगवेगळा लिहायचा.

चौथी वाट नावांच्या यादीची. आजच्या निफ्टीतले ५० शेअर घेऊन वीस वर्षे मागे गेले की फक्त टिकलेल्या आणि वाढलेल्या कंपन्या हाती लागतात. सत्यम जानेवारी २००९ मध्ये निफ्टीतून बाहेर पडली, येस बँक मार्च २०२० मध्ये. या दोन्हींचे पडते भाव ज्या डेटात नाहीत, त्यावर शिकलेल्या यंत्राला कंपनी बुडते म्हणजे काय हे ठाऊकच नसते.

पाचवी वाट सर्वांत लपलेली आहे. दिवसाला २५ ओळी धरल्या तर वर्षात साधारण सहा हजार आणि पाच वर्षांत तीस हजारांच्या आसपास ओळी होतात. पण प्रत्येक ओळीचे उत्तर पुढच्या दहा कँडलवर अवलंबून असल्याने शेजारच्या ओळींचे भविष्य बहुतांश एकच असते. खऱ्या अर्थाने स्वतंत्र ओळी तीनेक हजारच धराव्यात. ओळी पत्त्यांसारख्या पिसून काही शिकायला आणि काही तपासायला ठेवल्या तर एकाच घटनेचे तुकडे दोन्हीकडे जातात. म्हणून तपासणी नेहमी पुढच्या काळावर करायची, आणि दोन काळांच्या सीमेवरच्या ओळी वगळायच्या.

सगळे दिवस सारखे नसतात

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी तांत्रिक बिघाडामुळे एनएसईचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले. ते दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले. ‘साडेतीनला बाजार बंद’ असे गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्रामने त्या दिवशी काय नोंदले असेल, याचा विचार प्रत्येकाने करून पाहावा. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी एका ब्रोकरकडून गेलेल्या चुकीच्या ऑर्डरींनी निफ्टी काही क्षणांत १५ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि लगेच सावरला. मार्च २०२० मध्ये १३ आणि २३ तारखेला सर्किट लागून बाजार थांबला. दिवाळीतला मुहूर्ताचा तासभराचा बाजार, अर्थसंकल्पासाठी १ फेब्रुवारी २०२५ रोजी शनिवारी भरलेला बाजार, हेही याच यादीत येतात.

नियम बदलले की जुन्या ओळींचा अर्थही बदलतो. निफ्टीची एक्स्पायरी वर्षानुवर्षे गुरुवारी असे. १ सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी आली. ‘गुरुवार’ हा रकाना घेऊन शिकलेले मॉडेल त्या दिवसापासून चुकीच्या दिवशी सावध राहते. ‘एक्स्पायरीला उरलेले दिवस’ असा रकाना ठेवणाऱ्याचे मॉडेल तरते. रकाना निवडताना बाजारातले कारण पकडले की नोंद जास्त काळ कामी येते. असे वेगळे दिवस पुसून टाकू नयेत. त्यांवर खूण करावी, म्हणजे शिकताना ते धरायचे की सोडायचे हे उघडपणे ठरवता येते.

मेहकरचे सोयाबीन

पैनगंगेकाठच्या मेहकर तालुक्यात खरिपाचा पैसा मुख्यतः सोयाबीनमधून येतो. बाजार समितीत दिवसभर हर्रास होतो आणि त्याची दिवसअखेरची नोंद राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात ठरलेल्या साच्यात येते: शेतमाल, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. सामान्य शेतकऱ्याला ही माहिती उपयोगाची आहेच. पण यंत्राला शिकवायचे म्हटले की तिच्या मर्यादा लगेच उघड्या पडतात.

पहिली मर्यादा वेळेची. सकाळच्या पहिल्या हर्रासाचा भाव आणि दुपारचा भाव एकाच ओळीत मिसळतात. इंदूर, लातूर किंवा वाशिमहून आलेल्या भावाचा परिणाम मेहकरात किती वेळात झाला, हे त्यातून काढता येत नाही. दुसरी मर्यादा ओलाव्याची. ऑक्टोबरमध्ये मळणी होऊन थेट आलेल्या सोयाबीनमध्ये पाणी जास्त असते आणि व्यापारी त्याप्रमाणेच भाव लावतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, इतका हा मुद्दा गंभीर झाला होता. तरी रोजच्या तक्त्यात ओलाव्याचा रकाना नाही. भाव कमी आला तो बाजार पडल्यामुळे की माल ओला असल्यामुळे, हे यंत्राला कळायला मार्गच उरत नाही. तिसरी मर्यादा रिकाम्या जागेची. सुटी, शून्य आवक आणि नोंद राहून गेली, या तीन गोष्टी फाइलमध्ये सारख्याच दिसतात.

याहून मोठी पोकळी वायद्यांची आहे. एनसीडीईएक्स या शेतमाल वायदे बाजारात सोयाबीनचे वायदे होत, इंदूर हे त्यांचे मूळ केंद्र. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ही बंदी मुदत वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. डेटाच्या बाजूने पाहिले तर त्या महिन्यापासून सोयाबीनच्या पुढच्या भावाचा मिनिटामिनिटाचा, उघड आणि सर्वांना सारखा दिसणारा आकडा नाहीसा झाला. त्याआधी शिकलेले कोणतेही मॉडेल वायद्यांचा रकाना धरून बसलेले असणार, आणि बंदीनंतर तो रकाना रिकामा पडला.

भावामागची कारणेही भावाच्या रकान्यात नसतात. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि नवा माल यायच्या सुमारास भाव घसरले. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलांवरचे कमी केले. हमीभाव २०२१-२२ मध्ये ३,९५० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४,८९२, २०२५-२६ मध्ये ५,३२८. नुसत्या भावांवर शिकणाऱ्या यंत्राला २०२१ चा दहा हजारांचा भाव पुन्हा येण्याजोगा वाटतो. शुल्क, आयात आणि हमीभाव यांचे तारीखवार रकाने नसतील तर त्या यंत्राचा सल्ला शेतकऱ्याला माल साठवून ठेवायला लावील आणि फसवील.

उपाय शेअर बाजारातल्यासारखाच आहे. सौदा ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतो तिथेच, त्याच क्षणी ओळ तयार व्हावी. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या ऑनलाइन शेतमाल बाजारात ढीगनिहाय प्रत तपासणी आणि ऑनलाइन बोली ही कल्पना आहे, आणि तिचे खरे मोल या नोंदीत आहे. ढिगाचा क्रमांक, बोलीची वेळ, ओलावा, वजन, किती जणांनी बोली लावली, शेवटचा भाव. एवढे रकाने दोन हंगाम नीट लिहिले गेले तर मेहकरच्या भावाबद्दल आज अंदाजाने बोलल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी तपासून पाहता येतील.

कृत्रिम ओळी आणि फार प्रयत्न

खरा डेटा अपुरा पडला की लोक तो तयार करायला जातात. टेस्टरमध्ये तोच काळ हजार सेटिंगवर चालवला तर लाखो ओळी मिळतात. पण इतिहास एकच असतो, नवी माहिती त्यात शिरत नाही. मेटाट्रेडरच्या टेस्टरमध्ये मिनिटाच्या कँडलवरून आतले टिक कल्पून घेण्याचीही सोय आहे. त्या टिकवर शिकलेले मॉडेल बाजाराऐवजी टिक कल्पण्याचा नियम शिकते. काही सेकंदांत सौदा आटोपणाऱ्या प्रोग्रामला खरे टिकच लागतात.

जास्त प्रयत्नांचा धोका गणिताने मोजलेला आहे. बेली, बोरवीन, लोपेझ द प्राडो आणि झू यांनी २०१४ मध्ये दाखवले की, फक्त पाच वर्षांचा डेटा असेल तर ४५ पेक्षा जास्त स्वतंत्र रचना करून पाहू नयेत. त्यापुढे गेले की मुळात काहीच दम नसलेली एखादी रचनाही योगायोगाने उत्तम दिसू लागते. संगणकावर ४५ रचना काही मिनिटांत तपासून होतात, म्हणून हा इशारा फार मोलाचा आहे. आपण किती रचना तपासल्या याची नोंदही प्रोग्रामनेच ठेवावी. जाहिरातीत दाखवला जाणारा चढता आलेख किती फसलेल्या आलेखांतून निवडला, हे विचारल्याशिवाय कोणी पैसे देऊ नयेत.

कृत्रिम डेटाचा एक उपयोग मात्र निर्विवाद आहे: यंत्रणा तपासणे. ज्यात काहीच अर्थ नाही असे निव्वळ यादृच्छिक भाव प्रोग्रामला द्यावेत. त्यावरही मॉडेल नफा दाखवू लागले तर नोंदीत कुठे तरी गळती आहे, हे नक्की. पैसे लावण्याआधी प्रत्येकाने ही परीक्षा करावी.

नियमांची चौकट

४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी चौकट ठरवली. अल्गोच्या ऑर्डरवर बाजाराने दिलेली ओळख असणे, एपीआय ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच वापरणे, सेकंदाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऑर्डर टाकणाऱ्याने अल्गो नोंदवणे, असे नियम त्यात आणि त्यानंतरच्या अंमलबजावणीच्या सूचनांत आहेत. ही मर्यादा सेकंदाला दहा ऑर्डरची आहे. ज्या अल्गोचा तर्क ग्राहकाला उघड नाही तो ‘ब्लॅक बॉक्स’ ठरतो. तो पुरवणाऱ्याला सेबीकडे रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक अल्गोचा संशोधन अहवाल ठेवावा लागतो. शिकणारे मॉडेल दुसऱ्याला विकणाऱ्याला हा नियम थेट भिडतो. मॉडेलने एखादा निर्णय का घेतला हे सांगायचे तर त्या क्षणाची पूर्ण ओळ हाताशी असावी लागते. म्हणजे प्रशिक्षणासाठी ठेवलेली नोंद हाच हिशेब देण्याचाही पुरावा होतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मेटाट्रेडरवर चालणारे तयार ‘रोबो’ समाजमाध्यमांवर विकले जातात, ते बहुधा परदेशी फॉरेक्स मंचांसाठी असतात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परकीय चलनाचे असे सौदे मान्यताप्राप्त बाजारांत आणि परवानगी असलेल्या चलन-जोड्यांतच करता येतात. अनधिकृत मंचांची सावधान-यादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध केली आहे. पैसे भरण्यापूर्वी ती यादी पाहावी, आणि यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे असेही समजू नये.

निष्कर्ष

मॉडेल निवडणे आता सोपे झाले आहे आणि दिवसेंदिवस सोपे होत जाईल. खरी, वेळ लिहिलेली, खंडाची कबुली देणारी आणि खर्च धरलेली नोंद मात्र प्रत्येकाला स्वतःच ठेवावी लागते, आणि तिला वेळ द्यावा लागतो. या विषयात शिरणाऱ्या मेहकर, चिखली, लोणारच्या तरुणांना माझे सांगणे आहे: आधी असा प्रोग्राम लिहा जो एकही सौदा करणार नाही, फक्त ओळी लिहील. वर्षभराच्या ओळी जमल्यावर त्या पुढच्या काळावर तपासा, आणि मगच पैशाचा विचार करा. बाजार समित्यांना आणि पणन मंडळाला विनंती आहे की सोयाबीनच्या रोजच्या तक्त्यात बोलीची वेळ आणि ओलावा हे दोन रकाने या हंगामापासून घाला. त्यासाठी नवे यंत्र शोधावे लागत नाही. आवारात ओलावा मोजला जातो, वेळ घड्याळात असते. ती लिहून ठेवायची, एवढेच काम उरले आहे.